उरलेले तास

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मी विलायतेस जाऊन आले. हे कळल्यावर मंडळी उत्साहाने विचारतात, "काय काय पाहिलंत?" खरे सांगायचे तर मी फारसे काही पाहिले नाही. मी गेले होते ती आईला परत आणायला.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान लंडनपासून तासाभराच्या अंतरावरील एका गावी नोकरी करतात. त्यांना एक मुलगा. त्याला सांभाळण्यासाठी आमची आई डिसेंबरातच तिकडे गेली होती. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला तिकडे एका वेळी सहाच महिने राहता येते. ती मुदत संपत आली होती. आईचे गुडघे कुरकुरतात आणि एकटीने विमान बदलण्याची तिला धास्ती वाटते. म्हणून कॉलेजला सुट्टी लागताच मी निघाले.

बहिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्यावर दोन तारखांना लाल वर्तुळे काढलेली. एक आईच्या परतीची होती, हे मला ठाऊक होते. दुसरी होती १ सप्टेंबर.

"ही कसली गं तारीख?" मी विचारले.

"त्या दिवसापासून सरकार आपल्या बाळाचे पंधरा तास देणार, ताई," ती म्हणाली.

सरकारने तास द्यायचे म्हणजे काय, हे मला उमगेना. आपल्याकडे सरकार धान्य देते, पाठ्यपुस्तके देते, कधी कर्जमाफी देते, पण तास? मग तिने मला सारे समजावून सांगितले. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याचे पंधरा तास नर्सरीत विनामूल्य मिळतात. बाप कोण, त्याचा पगार किती, तो कोठून आला, हे कोणी विचारीत नाही. नर्सरीचे पैसे सरकार परस्पर भरते. १९९८ मध्ये ही सवलत चार वर्षांच्या मुलांसाठी सुरू झाली, २००४ मध्ये तीन वर्षांच्या सर्व मुलांना मिळाली, आणि २०१० पासून तिचे पंधरा तास झाले.

"पण तुझ्या मुलाला तीन वर्षे एप्रिलमध्येच पूर्ण झाली ना?"

"४ एप्रिलला. तिथंच तर घोटाळा आहे."

सवलत वाढदिवसापासून सुरू होत नाही. वाढदिवसानंतर जे शाळेचे सत्र लागेल त्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. सत्राच्या तारखा तीन: १ जानेवारी, १ एप्रिल आणि १ सप्टेंबर. आमचे चिरंजीव ३१ मार्चला जन्मते, तर तास एप्रिलमध्येच सुरू झाले असते. ते चार दिवस उशिरा आले आणि त्यांचे पाच महिने गेले. मुहूर्त पाहण्याची खोड आपल्यालाच आहे असे नाही!

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला सोडायला नर्सरीत गेले. जागा मोठी प्रसन्न. बुटकी टेबले, पाण्याचे टब, रंगांनी माखलेले डगले, बाहेर चिखलात खेळण्यासाठी रबरी बुटांची रांग. तेथे दोन वर्षांच्या आतील तीन मुलांमागे एक तरी बाई असावी लागते, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक आणि त्याहून मोठ्या आठ मुलांमागे एक. नर्सरी महाग का, हे या आकड्यांवरूनच ध्यानात येते. तिथला मुख्य खर्च खेळण्यांचा नव्हे, माणसांचा आहे. आणि लहान मूल सांभाळायचे तर त्यात काटकसर करून चालणारही नाही.

त्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर बहीण कागद घेऊन हिशेबाला बसली. ऐकताना मीही पेन्सिल हाती घेतली. पंधरा तास म्हणजे दररोज तीन तास, असे मी धरून चालले होते. पण ते शाळेच्या ३८ आठवड्यांपुरतेच असतात. १५ गुणिले ३८ म्हणजे वर्षाचे ५७० तास. कचेरीला मात्र शाळेच्या सुट्ट्या नसतात. म्हणून हे तास वर्षभर पसरून घेतले, तर आठवड्याला अकराच्या आसपास पडतात. बहिणीचा कामाचा दिवस, जाणेयेणे धरून, दहा तासांचा. म्हणजे पाच दिवसांचे पन्नास तास झाले. त्यात सरकारचे अकरा. एक दिवस आणि वर एक तास!

"आणि शेजारणीचे तीस कसे?" मी विचारले. शेजारी एक इंग्रज बाई राहते, दुकानात काम करते. तिच्या मुलीला तीस तास मिळतात, असे तिनेच मला कुंपणावरून सांगितले होते.

हा तीस तासांचा प्रकार २०१७ मध्ये आला. तो नोकरी करणाऱ्या आईबापांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने खाली उतरला आणि सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळालाही तीस तास लागू झाले. यासाठी आईबाप दोघांनीही किमान वेतनाच्या दराने निदान सोळा तासांची आठवड्याची कमाई करावी लागते, आणि दोघांपैकी कोणाचेही वर्षाचे उत्पन्न एक लाख पौंडांवर जाता कामा नये. माझी बहीण आणि मेहुणे या दोन्ही अटींत चोख बसतात. पण तिसरी एक अट आहे. दोघांपैकी एकाला तरी सरकारी सवलती घेण्याचा हक्क असला पाहिजे. कामाच्या परवान्यावर गेलेल्या माणसाच्या परवान्यात बहुधा स्पष्टच लिहिलेले असते की, सार्वजनिक निधीतून तुम्हाला काही मिळणार नाही. कर मात्र शेजारणीसारखाच भरायचा. कायम वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत हे असेच. आणि तो मिळेल तोवर मूल शाळेत जाऊ लागलेले असते.

तिच्याबद्दल माझ्या मनात रोष दाटून आला. पण ती शांतपणे म्हणाली, "नियम ठाऊक असूनच आलो ना आम्ही इथं? आणि पंधरा तास तर त्याला मिळणारच आहेत. ते त्याचे आहेत, आमचे नव्हेत."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पंधरा तास मुलाचे. वरचे पंधरा आईबापांच्या पगारपत्रकाचे. ज्या घरी दोघांपैकी एकाचे काम सुटले, तेथे मुलाचे वरचे तासही काही काळाने सुटतात. म्हणजे ज्या मुलाच्या घरी ओढगस्त अधिक, त्याला नर्सरीतली बुटकी टेबले थोडाच वेळ दिसायची. सरकार तास देते ते मुलाच्या वाढीसाठी की कचेऱ्यांना माणसे मिळावीत म्हणून? दोन्ही हेतू चांगलेच आहेत. पण ते एक नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायकांचे हात हवे होते, तेव्हा याच देशात सरकारी खर्चाने हजाराहून अधिक पाळणाघरे उघडली होती. १९४५ मध्ये युद्ध संपले, सरकारी पैसा आटला आणि त्यांपैकी पुष्कळशी हळूहळू बंद पडली. मुले काही संपली नव्हती. कारखान्यांची गरज संपली होती.

एवढा वेळ आई पलीकडे मेथी निवडीत बसली होती. तिने विचारले, "आणि मी किती तासांची गं?"

बहिणीने हिशेब केला. आठवड्यातले दोन दिवस मूल स्वतःच्या पैशांनी नर्सरीत, उरलेले तीन दिवस आईपाशी. दहा त्रिक तीस.

"तीस!" आई हसली. "म्हणजे मी सरकारएवढी झाले की!"

आम्ही तिघीही हसलो. पण रात्री मला झोप येईना. आई सरकारएवढी खरी. पण सरकारचे तास कागदावर असतात, त्यांचा दर ठरलेला असतो, त्यांवर पार्लमेंटात भाषणे होतात. आईचे तास कोठेही लिहिलेले नव्हते. त्या सहा महिन्यांत घरी वडील एकटे डबा आणून जेवत होते. तिने गुडघ्याचे दुखणे फोनवर सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर लेक नोकरी सोडायला निघाली असती. सरकारचे तास जेथे संपतात तेथे पुढचे तास आपोआप नाहीसे होत नाहीत. ते कोणी तरी बाई उचलते. आजी उचलते, नाही तर आई नोकरी सोडून उचलते.

किंवा आठ वर्षांची बहीण उचलते. आणि येथे मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातला. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेल्या. तेथे त्यांना दिसले की थोरली मुले शाळेत येऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. तेव्हा त्यांनी 'विकासवाडी' केली. तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची शाळा, तिन्ही एकाच जागी. थोरलीने कडेवरचे मूल घेऊनच यावे, ते पाळण्यात ठेवावे आणि स्वतः पाटी घ्यावी! जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली.

मला वाटते, ताराबाईंचा मोठेपणा येथे आहे. मुलाला किती तास शिकवायचे एवढेच त्यांनी पाहिले नाही. उरलेले तास कोणाच्या कडेवर आहेत, हेही पाहिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने बालविकासाची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. पोषण, लसी, गाणी, गोष्टी हे सारे मोलाचे कार्य तेथे होते. पण अंगणवाडी थोड्या तासांनी सुटते आणि आईचा रोजगार सूर्य मावळेपर्यंत चालतो. दिवसभराच्या पाळणाघरांना जोड देणारी केंद्राची 'पाळणा' योजना २०२२ मध्ये आली, ही समाधानाची गोष्ट. ती जेथे पोहोचली नाही तेथे थोरली बहीण अजून उभीच आहे.

विलायतेत काय आणि कोसबाडला काय, प्रश्न एकच. तास देणाऱ्याने फक्त आपण दिलेले तास मोजावेत, हे पुरेसे नाही. पन्नासांतून अकरा वजा केले की खाली एकोणचाळीस उरतात, आणि त्यांच्यापुढे कोणाचे तरी नाव लिहावे लागते.

निघण्याच्या दिवशी बहिणीने कॅलेंडरावर आणखी एक वर्तुळ काढले. जूनमध्ये तिच्या सासूबाई यायच्या होत्या, तेही सहाच महिन्यांसाठी. विमानात बसल्यावर आईने पट्टा आवळला, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं गं. दुपारी झोपताना त्याला पाठीवर थापटावं लागतं, नाही तर रडतो."

हे कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेले नसते. घरी पोहोचल्यावर आईने पहिला फोन विहिणबाईंना केला.