हिशेबाच्या दाराचे कुलूप

पूर्वी पेढीची वही तिजोरीत ठेवली की मालक निर्धास्त झोपी जाई. सांप्रत ती वही संगणकात गेली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांना, व्यापाऱ्यास दिलेले करपात्र बीजक सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावे लागते. आपला संगणक त्या पोर्टलशी ज्या दारातून बोलतो, त्या दारास ‘एपीआय’ म्हणतात. अशीच दारे आपली तरुण मंडळी मांद्रे, मोरजी, हरमल येथील किरकोळ दुकानदारांसाठी उघडू पाहत आहेत. दुकानदाराने मोबाइलवर मागणी नोंदवावी व आपली बाकी पाहावी, ही सोय उत्तमच. परंतु उधारीची वही हे केवळ आपले धन नव्हे, ती दुसऱ्याची अब्रू आहे. म्हणून या दाराच्या कुलपाचा विचार मालकानेही केला पाहिजे.

हे कुलूप सहसा कोणी नव्याने घडवीत नाही. जाणकारांनी लिहून सर्वांस खुले केलेले तयार भाग मिळतात. त्यांस मुक्तस्रोत लायब्ररी म्हणतात. त्यांपैकी बहुतेकांस दाम पडत नाही, म्हणूनच पारख अधिक हवी.

पहिली कसोटी ओळख पटविण्याची. ‘शहाजोग’ शब्द आज आपण उपहासाने वापरतो. परंतु शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पत असलेल्या ‘शहा’सच मिळत, हा त्याचा मूळ अर्थ. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओऑथ २.०’ या नियमावलीत हेच तत्त्व आहे. ओळख पटल्यावर मुदतीचे टोकन मिळते. मुदत संपली की ते निरुपयोगी. मात्र नियम चांगला म्हणून तो पाळणारी लायब्ररी चांगलीच, असे नव्हे. ‘जेडब्ल्यूटी’ प्रकारच्या टोकनांवर सही असते. २०१५ साली असे उघडकीस आले, की ‘मजवर सही नाही’ असे टोकनानेच सांगितले तर काही लायब्रऱ्या ते तपासणीविनाच खरे मानीत. हुंडी आणणाऱ्यानेच ती कशी तपासावी हे ठरविले, तर पेढी बुडालीच!

दुसरी कसोटी आवृत्तीची. भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने आली, तेव्हा जुनी शेर-मणाची वजने एका रात्रीत बाद झाली नाहीत. काही काळ दोन्ही चालली, मग मुदत देऊन जुनी बंद केली. एपीआयचेही तसेच. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत हिशेबप्रणाली ज्या पायावर उभी आहे, त्याच्या पंधराव्या आवृत्तीत ‘व्ही१’ व ‘व्ही२’ अशी दोन दारे शेजारी शेजारी ठेवली आहेत. ज्या दुकानदाराचा मोबाइल जुना, त्याची मागणी अडता कामा नये. ही व्यवस्था ज्या लायब्ररीत नाही, ती घेऊ नये.

तिसरी कसोटी राखणदाराची व परवान्याची. ‘आयडेंटिटीसर्व्हर४’ ही ओळख पटविणारी लायब्ररी अनेकांनी विनामूल्य वापरली. २०२० मध्ये कर्त्यांनी पुढील आवृत्ती ‘ड्युएंडे’ नावाने व्यापारी परवान्याखाली आणण्याचे जाहीर केले, आणि २०२२ च्या अखेरीस जुनीची दुरुस्ती थांबली. कर्त्यांस दोष देता येत नाही, त्यांनाही संसार आहे. परंतु ज्यांनी आधी विचार केला नव्हता, त्यांची धावपळ उडाली. शिवाय परवान्याच्या अटी मोडून वापर करणे हे आपल्या धर्मदृष्टीने अदत्तादानच होय.

धान्याचे पोते घेताना आपण बांबी खुपसून वानगी पाहतो, तशीच येथे पाहावी. शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? राखणारा एकटा आहे की अनेक? परवाना काय सांगतो? मग मुदत संपलेले, बिनसहीचे व दुसऱ्याच्या नावाचे अशी तीन टोकने मुद्दाम देऊन पाहावीत. तिन्हींस दार उघडले नाही, तरच पुढे जावे. निवडलेल्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि दुरुस्तीची सूचना येताच, आधी चाचणी घेऊन, बदल करावा.

मुलांस संगणक आपणांपेक्षा अधिक कळतो, हे खरे. परंतु ‘हे कोण राखतो, आणि तो उद्या गेला तर काय?’ हा प्रश्न विचारण्यास वहीचा अनुभव पुरेसा आहे. तो प्रत्येक पेढीवर विचारला जावा, एवढीच विनंती.