दुसरा गिअरबॉक्स बसवण्याआधी

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत तिघाचौघांनी एकच विचारले, "साहेब, तुमची ऑटोमॅटिक गाडी विकली की दुरुस्त केली?" दुरुस्त केली, आणि तीही दोनदा. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबवत नाही. सौ.ला दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते आणि मुलगा पुण्याला. सावरगावहून पहाटे बस धरणे तिला झेपत नाही. म्हणून अकरा वर्षे वापरलेली एक ऑटोमॅटिक घेतली. वर्षभर छान चालली. मग एक दिवस सावनेरच्या अलीकडे इंजिन नुसते ओरडू लागले, गाडी पुढे सरकेना.

तिथेच पहिली चूक झाली. ओळखीचा पिकअपवाला भेटला, त्याने दोर बांधून टोचन करून सावनेरपर्यंत ओढत नेली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले भाग कोरडेच घासतात. पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर ती चाके उचलून, नाहीतर गाडी पूर्ण ट्रकवर चढवूनच न्यावी.

गॅरेजवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला, "काकाजी, डबाच गेला." भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्स 42 हजारांत बसवून दिला. चार महिन्यांत तोही गेला.

दुसऱ्या मिस्त्रीने आधी तेल काढून पाहिले. ते लाल असायला हवे होते, निघाले गुलाबी, दुधाळ. कारण रेडिएटरमध्ये होते. बऱ्याच जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते. ती आतून गंजून फुटली की कूलंट तेलात मिसळतो. ऑटोमॅटिकमध्ये तेल फक्त वंगणाचे काम करत नाही. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे तेच पोहोचवते, आतल्या क्लचप्लेटा दाबून धरते आणि उष्णताही वाहून नेते. त्यात पाणी गेले की प्लेटांवरचा थर सुटतो. माझा पहिला गिअरबॉक्स यानेच गेला, आणि तोच रेडिएटर ठेवून दुसरा बसवल्यामुळे दुसराही.

इथे एक सांगतो. आपल्याकडे सगळ्याच बिनक्लचच्या गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणतात, पण जाती वेगळ्या आहेत. 2014 साली सेलेरिओ आली आणि एएमटी स्वस्तात मिळू लागली. तिचा गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही साधाच. फक्त दाबायचे काम यंत्र करते. तिथे "डबा गेला" म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पुष्कळदा क्लचप्लेट किंवा ते दाबणारे यंत्र बदलून भागते. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात, तिचे तेलही वेगळे. एकीचे तेल दुसरीत घातले तर गिअरबॉक्स जातो.

आता हिशेब. गाडी चालू स्थितीत 1 लाख 80 हजारांची, बंद स्थितीत दलाल 60 हजार द्यायला तयार. चांगला रिकंडिशन गिअरबॉक्स, नवा रेडिएटर, तेल, मजुरी मिळून 85 हजार. मित्र म्हणाले, अर्धी किंमत दुरुस्तीतच जाते, फुकून टाक. पण तुलना 85 ची 1 लाख 80 शी नाही, दुरुस्तीने वाढणाऱ्या 1 लाख 20 शी करायची. शिवाय त्या पैशांत दुसरी जुनी ऑटोमॅटिक घेतली तर तिच्या पोटात काय आहे ते कोणाला ठाऊक! आधी गेलेले 42 हजार मात्र हिशेबात धरायचे नाहीत. बुडीत खाते वाचवायला नवे कर्ज देणारे मॅनेजर मी पुष्कळ पाहिले आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरण. माझ्या हातात जेमतेम तीन वर्षे उरली होती, तीही मोजली. विम्याची आशा धरू नका, नेहमीच्या पॉलिसीत यंत्रातला बिघाड आणि झीज येत नाही.

यावेळी काम देण्याआधी मी कागदावर लिहून घेतले: रेडिएटर नवा, तेलाच्या नळ्या धुतलेल्या किंवा नव्या, टॉर्क कन्व्हर्टर जुना लावायचा नाही, सहा महिन्यांची हमी, पक्के बिल. जुन्या बॉक्समधला धातूचा चुरा नळ्यांत अडकून राहतो आणि नव्यात जातो, म्हणून धुण्याचा आग्रह. गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर बसवल्यावर संगणक लावून त्याला नव्या बॉक्सची ओळख करून द्यावी लागते, तेही विचारा. आरसी बुकात इंजिन आणि चेसिस नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे नुसता तो बदलला तर आरटीओकडे जावे लागत नाही. पण भंगारवाला स्वस्तात इंजिनासकट देतो म्हणाला तर सावध राहा; इंजिन नंबर बदलला की नोंद करावीच लागते.

गाडी आता सात महिने नीट चालते आहे. दर दोन महिन्यांनी तेलाचा रंग पाहतो. फुटलेला रेडिएटर अजून माझ्या अंगणात पडून आहे, कोणाला आतली नळी पाहायची असेल तर संध्याकाळी पाचनंतर या.