आधी वर्दी, मग वर्दीतला माणूस

सकाळी साडेसात

उत्तरेच्या खिडकीखालच्या टेबलावर धुवट मांजरपाट अंथरतो. इथून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, त्यामुळे खाकीच्या छटा फसवत नाहीत. भिंग, मोजपट्टी, अतिनील दिवा, कॅमेरा जागेवर ठेवले.

नऊ

सत्तरीतल्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. सातारा जिल्ह्यात, विशेषतः अपशिंग्यासारख्या गावांत, पिढ्यानपिढ्या पलटणीत गेलेली घरं आहेत. त्यांच्या ट्रंकांतून जुन्या वर्द्या निघतात आणि तपासायला माझ्याकडे येतात. पिशवीतून खाकी ड्रिलचा कोट बाहेर आला.

“मामंजींचा आहे. यशवंत घाडग्यांच्या पलटणीत होते ते, इटलीला.”

मी लिहून घेतलं. घरातली आठवण हाही पुरावाच असतो, पण तो कोटापासून वेगळा नोंदवायचा. कोट खरा आहे का हा एक प्रश्न आणि तो मामंजींचा आहे का हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकदम देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये.

“काकू, धुतला कधी होता?”

“गेल्या दिवाळीला. पावडरीत भिजवून.”

हेही लिहिलं. ते पुढे लागणार होतं.

दहा

बटणांपासून सुरुवात. पितळी आहेत. चारांवर राजमुकुट, पाचव्यावर अशोकस्तंभाचे सिंह. मुलाचा चेहरा उतरला. 1950 नंतरचं बटण 1943 च्या कोटावर कसं?

कोट उलटा करून दाखवला. ही बटणं शिवलेली नसतात. मागची कडी कापडातल्या भोकातून आत घ्यायची आणि आतून रिंग अडकवायची. धोबी कपडे दगडावर आपटणार, म्हणून बटणं काढून कपडा द्यायचा. जे काढता येतं ते हरवतं आणि मग मिळेल ते लावलं जातं. म्हणून बटणाच्या साक्षीला मी फार किंमत देत नाही. जे बदलायला शिवण उसवावी लागते, त्याची साक्ष मोठी. आतल्या अस्तरावर, शिवणीत अर्धा दबलेला शिक्का आहे: सरकारी मालाचा बाण, इंग्रजी ‘आय’ आणि 1943. शिवण मूळची. कोट खरा.

साडेअकरा

डाव्या खिशावरची फितींची पट्टी. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत इटली स्टारची. तिच्याआधी वाळूच्या रंगाची, मध्ये रुंद लाल पट्टा असलेली आफ्रिका स्टारची. इटली स्टार मे 1945 मध्ये जाहीर झाला, तेव्हा ही पट्टी त्याआधीची असूच शकत नाही.

खिडकी बंद करून अतिनील दिवा लावला. सगळा कोट निळसर चमकला. आजच्या धुण्याच्या पावडरीत कापड उजळ दिसण्यासाठी रसायन घालतात, ते दिव्याखाली चमकतं. कोट धुतल्याचं कळलं नसतं तर अख्खं कापडच नंतरचं आहे असा संशय आला असता. पट्टीचा दोरा मात्र कापडापेक्षा कितीतरी तेज होता. काकूंना विचारून सुटं टोक कापलं आणि ज्योतीजवळ धरलं. सुती दोरा जळून राख होतो. हा वितळला, टोकाला टणक मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर.

“सासूबाईंनी पुन्हा टाचली होती, सुटत होती म्हणून,” काकू म्हणाल्या.

हे मानण्याआधी पट्टीची कड उचलून पाहिलं. खाली पट्टीच्याच मापाची, उन्हाने न विटलेली खाकी होती आणि तिच्या कडेने जुन्या सुईची भोकं ओळीने दिसत होती. फिती पूर्वीही तिथेच होत्या. सासूबाईंनी त्या अगदी जुन्या जागी बसवल्या होत्या. त्या हाताबद्दल मला फार आदर वाटला.

दोन

जेवणानंतर कॉलर. आत काळी पक्की खूण: दोन रेघा, एक टिंब. हा सैनिकाचा नंबर नव्हे, धोब्याची बिब्ब्याची खूण. बिब्बा धुऊन जात नाही, शाई जाते. तिरप्या उजेडात, बऱ्याच वेळाने, शाईचा नंबर उमटला. शेवटचा आकडा 3 की 8, ठरेना.

साडेतीन

मुलाने कराडच्या चुलत्यांना फोन लावला. मामंजींचं मेडल त्यांच्या वाटणीला गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, भारतीय सैनिकांच्या मेडलांवर मात्र नाव-नंबर ठोकलेला असे. वॉर मेडलच्या कडेचा फोटो आला: नंबर, नाव, मराठा रेजिमेंट. शेवटचा आकडा 8. बाकी सगळे आकडे कॉलरशी जुळले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मीही काही वेळ कामाला हात लावला नाही.

पाच

अहवाल. कोट 1943 चा, मूळचा. फिती नंतर टाचलेल्या, जागा जुनी. नंबरावरून मालकी पक्की. एक बटण नंतरचं. ते बदलू नये.

“घाडग्यांच्या पलटणीतले, हेही लिहा ना,” मुलगा म्हणाला.

नाईक यशवंत घाडगे याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीच बटालियन 1941 मध्ये एरिट्रियात केरेनला लढली होती, त्यामुळे आफ्रिका आणि इटली या दोन्ही फिती तिच्याशी जुळतात. पण त्या इतर बटालियनांतल्या जवानांनाही मिळाल्या, आणि युद्धात जवान इकडून तिकडे बदलले जात. मेडलच्या कडेवर बटालियन नाही. डिस्चार्ज सर्टिफिकेट घरात सापडत नाही. ती ओळ मी लिहिली नाही. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नातवाच्या नावाने अर्ज तयार केला.

सहा

कोट मांजरपाटात गुंडाळून दिला. प्लास्टिक नको, डांबरगोळी कापडाला लागू द्यायची नाही. मग चुलत्यांना पुन्हा फोन केला: मेडल चकचकीत करायला पॉलिश लावू नका. कडेची अक्षरं उथळ असतात, घासून जातात. ते म्हणाले, दर पंधरा ऑगस्टला लावतो. यंदापासून थांबवा, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं.