गजातून गळ्यात

मी बारा वर्षांचा असताना आमच्या तालुक्याच्या गावी एका गायनवर्गात व्हायोलिन शिकायला जात होतो. बोटं जागेवर पडत नसत. एका रविवारी युक्ती सुचली. वहीच्या पांढऱ्या कागदाच्या बारीक फिती कापल्या आणि व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर खळीनं चिकटवल्या. रिषभ इथे, गंधार तिथे. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी काही न बोलता नखानं त्या सगळ्या खरवडून काढल्या आणि मग म्हणाले, ‘‘खुणा बघून वाजवायचं असेल तर पेटी घे. हे वाद्य डोळ्यांनी वाजत नाही. आधी गाऊन दाखव, मग गज उचल.’’

मला गाता येत नव्हतं. वर्षभरात वर्ग सुटला. पुढे बँकेत लागलो आणि पस्तीस वर्षं अशा जगात काढली, जिथे प्रत्येक आकड्याला त्याचा रकाना आधीच आखलेला असतो. मास्तर मात्र लक्षात राहिले, आणि एक नाव घेताना त्यांचा हात कानाच्या पाळीकडे जायचा तेही. ते नाव होतं गजाननबुवा जोशी.

गजानन अनंत जोशी यांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी मुंबईत गिरगावात झाला. घरात गाणं आजोबांपासूनचं. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते बाळकृष्णबुवा. अंतूबुवा पुढे सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे दरबारी गायक झाले. अशा घरातल्या मुलानं गवई व्हावं यात नवल नव्हतं. नवल हे, की त्यानं व्हायोलिन हातात घेतलं, आणि तेही बरंचसं स्वतःच्या कानाच्या भरवशावर.

त्या काळी उत्तरेच्या संगीतात या वाद्याला घर नव्हतं. दक्षिणेत ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोचलं होतं. बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं आणि आज तिथे व्हायोलिनशिवाय मैफल बसत नाही. आपल्याकडे मात्र ते वाद्यवृंदातलं, साहेबाचं वाद्य. ख्यालाच्या साथीला सारंगी होती, पाठोपाठ पेटी आली. या दोघींच्या मध्ये परक्या मुलखातलं लाकूड घेऊन बसायचं, तर काहीतरी सिद्ध करून दाखवणं भाग होतं.

काय सिद्ध करायचं, ते थोडं उलगडून सांगायला हवं. ख्याल हा श्वासावर चालतो. गायक एका दमात जेवढं म्हणतो तेवढं त्याचं वाक्य. व्हायोलिनवर श्वासाचं काम गज करतो. गजाची दिशा चुकीच्या जागी बदलली, की ऐकणाऱ्याला वाक्य तुटल्यासारखं वाटतं. मींड डाव्या हाताच्या बोटानं घसरत घ्यायची. पट्टीवर पडदे नाहीत, म्हणून ती हवी तशी घेता येते आणि त्याच कारणानं केसभर चुकली तरी उघडी पडते. आणि सर्वांत अवघड म्हणजे, वाद्याला शब्द नसतात. गायक बंदिशीचे बोल लयीत टाकून जी गंमत करतो, ती नुसत्या गजाच्या आघातांतून कळली पाहिजे. हे ज्याला साधतं त्यानं गाणं नुसतं ऐकलेलं असून भागत नाही, ते त्याच्या गळ्यात असावं लागतं.

बुवांच्या गळ्यात ते होतं. म्हणूनच गायकी अंगाच्या व्हायोलिनचा विषय निघाला की त्यांचं नाव अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत घ्यावं लागतं. ते साथ करीत, स्वतंत्र वाजवीत, मैफलीत गातही असत. लयीचे इतके पक्के, की तबलाही हाताखाली होता.

इथपर्यंतचीच हकिगत असती, तर एका गुणी कलावंताचं चरित्र म्हणून ती पुरेशी होती. मला त्यांच्यापुढे वाकावंसं वाटतं ते पुढच्या भागासाठी. वडिलांची ग्वाल्हेर तालीम पक्की होती, वादक म्हणून नाव झालं होतं. अशा वेळी माणूस थांबतो. बँकेत मी पाहिलं आहे, खुर्ची मिळाली की पहिला बळी शिकण्याचा जातो. खालच्या माणसाला विचारायची लाज वाटते आणि वरच्याला विचारायची भीती. बुवा मात्र पुन्हापुन्हा शिष्य होत राहिले. रामकृष्णबुवा वझ्यांकडून घेतलं. आग्र्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडून घेतलं. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडून जयपूरची गायकी घेतली. घराण्यांच्या भिंती तेव्हा आजच्यापेक्षा उंच होत्या. एका घरची चीज दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून गवई जपत, आणि दुसऱ्याचा गंडा बांधणं हे आपल्या घरात उणं असल्याची कबुली देण्यासारखं मानलं जाई.

बरं, या तिघी काही सख्ख्या बहिणी नव्हेत. ग्वाल्हेरचा सरळ, मोकळा, अष्टांग ख्याल एकीकडे. आग्र्याची नोमतोम आणि बोलांची लयकारी दुसरीकडे. जयपूरची गुंतत जाणारी, समेवर अलगद उतरणारी तान आणि अनवट राग तिसरीकडे. तिन्ही घोटून एक मिसळ करणं सोपं होतं. बुवांनी तिन्ही वेगवेगळ्या ठेवल्या आणि तशाच पुढे दिल्या.

त्यांनी ज्यांना दिल्या त्यांची नावं नुसती वाचली तरी पुरे. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, विकास कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर, जयश्री पाटणेकर, शुभदा पराडकर. व्हायोलिनमध्ये श्रीधर पार्सेकर, आणि चिरंजीव मधुकर जोशी. यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. व्हायोलिनवादक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचे बहुतेक नामवंत शिष्य गायक आहेत. गळ्यातलं गाणं गजावर गेलं आणि शिकवताना पुन्हा गळ्यात परतलं. उल्हास कशाळकर १९९३ मध्ये कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले, आणि औंधच्या वाड्यातलं धन हुगळीकाठच्या मुलांच्या तोंडी बसलं.

यात वाद्याचं काही नुकसान झालं का? झालं असावं. जेवढे गायक तयार झाले तेवढे वादक झाले नाहीत. बुवांना १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. जाणकारांनी त्यांना मानलं. पण घरोघरी नाव पोचणं वेगळं. ते शिष्यांच्या वाट्याला अधिक आलं. शिक्षकाच्या धंद्यात हा तोटा आधीच धरलेला असतो, आणि चांगला शिक्षक तो खुशीनं सोसतो.

आता माझी एक बोच सांगून टाकतो. १९८३ मध्ये माझी बदली मुंबईला झाली आणि परवडणारी जागा मिळाली ती डोंबिवलीत. बुवा त्याच गावात राहत होते. मला ते ठाऊक होतं. रोज सकाळी लोकल पकडताना आणि रात्री परतताना मनात येई, एका रविवारी जाऊ, लांबून नमस्कार करू, शिकवणी चालू असली तर दाराशी बसून ऐकू. कधी क्लोजिंग आलं, कधी खात्याची परीक्षा, कधी नुसता संकोच. ‘‘काय येतं तुला?’’ असं विचारलं तर काय सांगणार होतो? २८ जून १९८७ रोजी बुवा गेले. मला ते वर्तमानपत्रात कळलं. चार वर्षांत एक रविवार मिळाला नव्हता.

निवृत्तीनंतर एकदा औंधला गेलो. अंतूबुवांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तिथे संगीत उत्सव सुरू केला. आश्विनातल्या त्या उत्सवाला बुवांच्या शिष्यांनी आणि नातवंडांनी पुढे आपलं मानलं. यमाईच्या डोंगराखालच्या त्या गावात बसलो असताना एका गायिकेनं खालच्या षड्जावरून वर जाताना अशी लांब, अखंड मींड घेतली, की मला गजच दिसला. कुठेही न बदललेला, टोकापासून टोकापर्यंत ओढलेला.

घरी आल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढली. तारा गंजल्या होत्या, गजाचे केस झडले होते. काळ्या पट्टीवर मात्र खळीचे डाग अजून आहेत, फिती होत्या तिथेच. नव्या तारा आणल्या आहेत. शेजारच्या इमारतीत एक तरुण मुलगी शिकवते, वयानं माझ्या नातीच्या जवळपासची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘‘काका, गज नंतर. आधी सा लावा.’’

गेले तीन महिने सा लावतो आहे.