प्रकल्पाची सामायिक सेटिंग्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावाची वहिवाट लेखी नमूद असली म्हणजे ती कोणा एकाच्या स्मरणशक्तीच्या किंवा मर्जीच्या स्वाधीन राहत नाही, हे तत्त्व भंडारा जिल्ह्याला नवे नाही; तलावांच्या या मुलखात सिंचनाचा, वाटेचा आणि मासेमारीचा रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदण्याची पद्धत मध्य प्रांताच्या अमदानीपासून रूढ होती, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६५ व्या कलमानेही तिला स्थान दिले. एकाच सॉफ्टवेअरवर अनेक जण मिळून काम करतात तेव्हा अशाच सामायिक दप्तराची निकड भासते, आणि ती गिटसारखी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली भागवते. परंतु तिच्यातील कोणती सेटिंग्ज सर्वांना लागू होतात आणि कोणती होत नाहीत, याविषयी जाणत्यांच्याही मनात संभ्रम आढळतो.

सर्वांत दृढ समज असा की, प्रमुखाने आपल्या यंत्रावर एखादे सेटिंग ठरवले आणि सहकाऱ्याने रिपॉझिटरी क्लोन केली, की ते सेटिंग त्याच्याकडे आपोआप पोहोचते. वस्तुतः गिटची सेटिंग्ज मुख्यतः तीन पातळ्यांवर असतात: संपूर्ण यंत्राची, त्या वापरकर्त्याची आणि त्या एका रिपॉझिटरीची, आणि यांपैकी तिसरी, प्रकल्पाच्या अगदी लगत ‘.गिट/कॉन्फिग’ या फाइलीत राहत असूनही, क्लोनबरोबर जात नाहीत. पुष्कळांना हे वैगुण्य वाटते. मी त्याला दूरदृष्टी म्हणेन. त्या फाइलीत कोणता एडिटर उघडावा, सर्व्हरशी जोडणी कोणत्या आज्ञेने करावी, असे यंत्राला प्रत्यक्ष कामाला लावणारे हुकूम लिहिता येतात, आणि ते जर क्लोनबरोबर आले असते, तर अनोळखी रिपॉझिटरी नुसती उतरवून घेणे म्हणजे तिच्या कर्त्याला आपल्या यंत्राची मुखत्यारी देणे ठरले असते. हुक्स, म्हणजे कमिटसारख्या ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, याही क्लोन होत नाहीत, ते याच कारणास्तव.

यावरून सामायिक असे काहीच ठेवता येत नाही, हा उलट निष्कर्षही चुकीचा आहे. विंडोजवर आणि लिनक्सवर ओळीचा शेवट निरनिराळ्या चिन्हांनी होत असल्यामुळे, एक अक्षरही न बदलता संपूर्ण फाइल बदललेली दिसते. हा तंटा प्रत्येकाने आपापले ‘ऑटोसीआरएलएफ’ हे सेटिंग जुळवून मिटवावा, असे सांगण्यात येते, पण ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ या फाइलीत तो नियम लिहून ती कमिट केली की तो सर्वांना लागू होतो आणि वैयक्तिक सेटिंगाला बाजूस सारतो. साकोली, लाखांदूर अशी देवनागरी नावे फाइलींना दिली तर मात्र गिट ती आपल्या यादीत ३४०, २४४ अशा अंकांच्या रांगेने दाखवते; फाइल बिघडलेली नसते, ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग मूळचेच चालू असते, आणि ते बंद करणे ज्याच्या त्याच्या यंत्रावरच शक्य आहे. अशा सेटिंगांची एक फाइल कमिट करून प्रत्येकाने ‘इन्क्लूड.पाथ’ने ती एकदा स्वीकारावी, हा मार्ग उत्तम. परंतु एकदा संमती दिल्यावर त्या फाइलीतील पुढचे सर्व बदल पुन्हा न विचारता अमलात येतात, म्हणून तिच्यातील प्रत्येक बदल दुसऱ्या कोणी तपासल्यावाचून मंजूर होता कामा नये.

सबव्हर्शन या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची तऱ्हा निराळी. तिच्या २०१३ मधील १.८ आवृत्तीपासून वरच्या डिरेक्टरीवर लावलेले गुणधर्म खालच्यांना वारशाने मिळतात, त्यामुळे कोणत्या फाइली वगळाव्यात याची यादी सर्वांना एकदमच लागू करता येते.

गिटविषयीचा शेवटचा गैरसमज सर्वांत घातक आहे: पासवर्ड असलेल्या फाइलीचे नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये लिहिले की ती सुरक्षित झाली. ही यादी केवळ नोंद न झालेल्या फाइलींपुरती आहे. आधी कमिट झालेली फाइल तिला जुमानत नाही, आणि नंतरच्या कमिटमध्ये काढून टाकली तरी जुन्या इतिहासात, प्रत्येक क्लोनमध्ये, ती वाचता येते. तेव्हा प्रथम तो पासवर्डच रद्द करून नवा घ्यावा, आणि इतिहासाची साफसफाई त्यानंतर हाती घ्यावी.