बेसबॉलची बॅट, वेगाचे आकडे आणि वाढते वय

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. तक्रार स्वतःची नव्हती, न्यू जर्सीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या नातवाची होती. मुलगा तिकडे बेसबॉल खेळतो. जावयांनी त्याला एका प्रशिक्षण केंद्रात घातले आहे. तिथे बॅटच्या मुठीला एक छोटे यंत्र बसवतात, प्रत्येक फटक्याचा वेग पडद्यावर दिसतो आणि आठवड्यातून तीन दिवस वजने उचलून घेतात. बाईंनी काळजीने विचारले, "डॉक्टर, एवढ्या लहान वयात वजने उचलली तर पोराची उंची खुंटेल का हो?"

हाच प्रश्न आपल्याकडचे पालक तालमीबद्दल आणि क्रिकेटबद्दलही विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

उंची खुंटत नाही. ही समजूत आपल्याकडे आहे तशी अमेरिकेतही अनेक वर्षे होती. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथूनच वाढते. या पट्टीला वजनांमुळे इजा होईल अशी भीती होती. परंतु जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या शक्तीच्या व्यायामाने उंचीवर किंवा या पट्टीवर वाईट परिणाम होत असल्याचे आढळलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२० मध्ये या विषयावर सुधारित अहवाल काढला, त्यातही हेच म्हटले आहे. ज्या इजा होतात त्या बहुतेक वजन पायावर पडून, चुकीच्या पद्धतीने उचलून किंवा मित्रांशी पैज लावून होतात.

वयात येण्यापूर्वी मुलाचे स्नायू व्यायामाने फारसे फुगत नाहीत, तरीही ताकद वाढते. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावायला शिकतात, म्हणून ती वाढते. त्यामुळे दंड मोजून "काही फरक नाही" म्हणणारे वडील आणि आठ-दहा आठवड्यांत पोराला पिळदार करून देतो म्हणणारा प्रशिक्षक, दोघेही चूक. सुरुवात स्वतःच्या शरीराच्या वजनाने करावी. मग आठ ते पंधरा वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन घ्यावे, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ते सहज जमू लागले की पाच ते दहा टक्के वाढवावे. जास्तीत जास्त किती उचलता येते याची परीक्षा वाढीच्या वयात घेऊ नये, असे माझे मत आहे. ज्या मुलाला रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आता आकड्यांकडे वळू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो साडेसाठ फुटांवरून, म्हणजे सुमारे १८.४ मीटरवरून चेंडू फेकतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. अमेरिकेच्या सर्वोच्च स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला आणि किती अंशाच्या कोनात उडाला हे ती मोजते. ताशी ९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या वर सुटलेला चेंडू जोरदार फटका धरतात, आणि ८ ते ३२ अंशांचा कोन चांगला मानतात. ही भाषा पुढे शाळकरी मुलांपर्यंत उतरली. आता बारा-तेरा वर्षांची मुले टीवर ठेवलेला स्थिर चेंडू मारतात आणि त्याचा वेग निवडकर्त्यांना दाखवतात.

मोजमाप वाईट नव्हे. मोजले म्हणूनच काही जुन्या समजुती गेल्या. फलंदाज आपली पाळी येण्याआधी बॅटवर जड कडे चढवून ती फिरवतात. कडे काढले की बॅट हलकी वाटते, म्हणून ती वेगाने फिरत असेल असा त्यांचा समज. प्रत्यक्ष मोजले तेव्हा जड बॅट फिरवून झाल्यावर लगेचच्या फटक्यात वेग कमी झालेला आढळला.

पण टीवरचा चेंडू हलत नाही. आलेला चेंडू ओळखणे, तो सोडायचा की मारायचा हे ठरवणे, बॅट नेमक्या क्षणी आणणे, यांतले काहीही त्या आकड्यात येत नाही. लुईस अराएझ हा खेळाडू याचे उत्तम उदाहरण आहे. बॅट फिरवण्याच्या वेगात तो मेजर लीगमधल्या सर्वात मंद फलंदाजांपैकी एक आहे. तिथली सरासरी ताशी सुमारे ७२ मैलांची, याची त्याहून बरीच खाली. तरीही २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे, तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना, आपल्या लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्याचीच होती.

वैद्यकीय दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. मुलगे साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी सर्वात झपाट्याने उंच होतात. त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढ होऊ शकते. मुलींमध्ये हा काळ सुमारे दोन वर्षे आधी येतो. काही मुलांना ही वाढ अकराव्या-बाराव्या वर्षीच येते, काहींना पंधराव्या. म्हणजे बारा वर्षांच्या दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवले तर बऱ्याचदा आपण त्यांचे कौशल्य मोजत नसतो, कोण आधी वयात आला एवढेच मोजत असतो. आधी वाढलेल्याचे कौतुक होते आणि उशिरा वाढणारा, जो कदाचित जास्त चांगला खेळाडू झाला असता, खेळ सोडून देतो. उंची भराभर वाढत असताना हातापायांचा ताळमेळही काही काळ बिघडतो आणि आकडा खाली येतो. त्याला आळस म्हणून रागावू नये, आणि सराव दुप्पट तर मुळीच करू नये, कारण नेमक्या त्याच काळात लांब झालेली हाडे अजून पुरेशी भरलेली नसतात. बाईंना मी सांगितले, जावयांना म्हणावे, फटक्याच्या वेगाच्या वहीत दर तीन महिन्यांनी उंचीही लिहा. आकड्याचा अर्थ मग लागेल.

आकडा वाढला म्हणजे शरीराला मानवले असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १३ ते १८ वर्षे वयाच्या पिचरना सहा आठवडे कमी-जास्त वजनाचे चेंडू फेकायला लावले. त्यांचा वेग सुमारे ३ टक्क्यांनी वाढला, आणि त्या गटातल्या २४ टक्के मुलांना इजा झाली. म्हणूनच तिकडे वयाप्रमाणे दिवसाला किती चेंडू फेकायचे याची मर्यादा आहे. ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५. फलंदाजीच्या सरावात बॅट किती वेळा फिरवली हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. एवढे यंत्र मुठीला लावलेलेच आहे, तर त्याचा हाही उपयोग करावा.

कारण फलंदाजाचा फटका हातातून कमी आणि कमरेच्या पिळातून जास्त येतो. तोच पिळ दिवसाला शेकडो वेळा पडला की कण्याच्या खालच्या मणक्याला मागच्या बाजूस बारीक चीर पडू शकते. आपल्याकडे तरुण वेगवान गोलंदाजांना होते ती हीच. मुलाला मागे वाकल्यावर कमरेत दुखते आणि दुखणे दोन-तीन आठवडे राहते, तर उसण भरली म्हणून मलम चोळत बसू नये. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआय लागतो. वेळीच खेळ थांबवला तर बहुतेकांचे दुखणे जाते, मात्र त्याला साधारण तीन महिने द्यावे लागतात.

दुसरी जागा तळहाताची. बॅट धरताना जो हात खाली, मुठीच्या टोकाशी असतो, त्याच्या करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ एक आकड्यासारखे लहान हाड असते. बॅटचे बोंड त्यावर दाबून ते मोडते. सूज फारशी नसते, पकड मात्र सैल होते, बॅट फिरवताना कळ येते. नेहमीच्या एक्स-रेत हे हाड दुसऱ्या हाडांमागे लपते. अशा वेळी डॉक्टरांना दुखणारी जागा बोटाने दाखवून, हा फटके मारणारा खेळाडू आहे, एवढे सांगितले की ते वेगळ्या कोनातून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढायला सांगतील.