ओलिताच्या मोटारीला फ्यूज किती, रिले किती?

काटोल, नरखेड भागात आंबिया बहाराची फळे झाडावर असताना, ऐन एप्रिल-मे महिन्यांत विहिरीवरची मोटार जळाली तर रिवाइंडिंगमध्ये आठ दिवस सहज जातात. तेवढ्यात बागेला ताण बसून फळगळ वाढते. विषय विजेचा खरा, पण फटका बागेला बसतो, म्हणून येथे घेतला आहे.

फ्यूज मोटारीला वाचवतो, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत आहे. वास्तविक शॉर्टसर्किट झाल्यास केबल व स्विच जळण्यापूर्वी प्रवाह तोडणे, एवढेच फ्यूजचे काम. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सहापट प्रवाह ओढते. त्यावेळी वितळू नये म्हणून फ्यूज मोठाच ठेवावा लागतो. ४१५ व्होल्टची तीन फेजची मोटार अश्वशक्तीमागे सुमारे दीड अँपिअर घेते, म्हणजे ५ अश्वशक्तीला साडेसात. तिला साधारण २० अँपिअरचा फ्यूज बसवतात. आता चालू मोटारीचा एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजमध्ये प्रवाह पावणेदोनपटीच्या आसपास, म्हणजे १३ अँपिअर होतो. फ्यूजला त्याचे काहीच वाटत नाही. वाइंडिंग मात्र काळे पडते. फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याचा पेड अडकवला, तर शॉर्टसर्किटलाही आवर राहत नाही.

मोटारीची खरी राखण करतो तो स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. जादा प्रवाहाने त्यातील पट्टी तापून वाकते व स्टार्टर सुटतो. रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरइतकाच ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या मार्गात असतो. तेथे पाटीवरील आकड्याच्या ०.५८ पट धरावी. १४ अँपिअरच्या मोटारीला ८ पुरे. रिले वारंवार सुटतो म्हणून काटा पुढे सरकवणे म्हणजे राखणदारालाच झोपवणे! आधी व्होल्टेज, सैल जोड आणि बेअरिंग पाहावे. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच असेल, तर सिंगल फेज प्रिव्हेंटरही अवश्य बसवावा.

मेन स्विच तिन्ही फेज एकदम तोडणारा, ५ अश्वशक्तीला ३२ अँपिअरचा घ्यावा. त्याची लोखंडी पेटी अर्थिंगला जोडावी. चालू मोटार या स्विचने बंद करू नये. आधी स्टार्टरचे लाल बटण दाबावे. स्विच पाडल्यावरही वीज येते त्या बाजूचे तीन स्क्रू जिवंत असतात. फ्यूजची तार बदलताना तिकडे हात जाऊ देऊ नये.